बिल कोण भरतं?

३ मार्च २०१५ ला व्हर्जिनियातल्या स्वीट ब्रायर कॉलेजाचे अध्यक्ष जेम्स जोन्स यांनी जाहीर केलं, की कॉलेज बंद होतंय. शेवटचा दिवस २५ ऑगस्ट. ब्लू रिज डोंगरांच्या पायथ्याशी ३,२५० एकर जमीन, लाल विटांच्या देखण्या इमारती, तळी, घोड्यांच्या पागा, शंभरावर वर्षांचं नाव आणि खात्यावर आठ कोटी डॉलरहून जास्त ठेव. एवढं गाठीशी असलेल्या संस्थेने टाळं का लावावं? आपल्याकडे एखाद्या पतपेढीने इतक्या ठेवी असताना शटर ओढलं असतं, तर लोकांच्या मनात पहिली शंका अफरातफरीची आली असती. तिथेही माजी विद्यार्थिनींनी गैरकारभाराचा आरोप केलाच.

खरी अडचण जमाखर्चातच होती. ठेवीचा मोठा भाग देणगीदारांनी अटी घालून दिलेला होता. अमुक रक्कम अमक्या शिष्यवृत्तीसाठी, तमुक रक्कम तमक्या अध्यासनासाठी. त्यातून विजेचं बिल भरता येत नव्हतं. डोक्यावर अडीच कोटींच्या आसपास कर्ज होतं. मुली सातशेच्या आसपास, आणि आकडा घसरणीला लागलेला. मुली याव्यात म्हणून फीमध्ये सवलत द्यायची, आणि सवलत दिली की हातात काही उरत नाही. छापील फीतले साठ टक्क्यांहून जास्त पैसे कॉलेज स्वतःच्याच सवलतीत घालवत होतं. शंभर रुपयांची पाटी लावून चाळिसाला विकायचं आणि माल बनवायला सत्तर लागायचे, अशातला प्रकार.

अमेरिकेत अशी छोटी कॉलेजं शेकड्यांनी आहेत. हजार-दोन हजार विद्यार्थी, बहुतेक सगळे वसतिगृहात राहणारे, चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम, पीएच.डी.चे विद्यार्थी जवळपास नाहीत, त्यामुळे पहिल्या वर्षापासून प्राध्यापकच शिकवणार. ‘लिबरल आर्ट्स’ म्हटलं की आपल्याकडे बी.ए. डोळ्यांपुढे येतं. पण तिथे रसायनशास्त्र, गणित, संगणकशास्त्रही त्याच छपराखाली शिकवतात, आणि संगणकवाल्याला तत्त्वज्ञानाचा एखादा कोर्स चुकत नाही. विल्यम्स, ॲमहर्स्ट, स्वार्थमोर, ग्रिनेल, कार्लटन ही त्यातली मातब्बर नावं. त्यांच्या खाली मधल्या फळीतली, आणि त्याखाली कुठल्याशा तळ्याकाठी, टेकडीवर, हजार वस्तीच्या गावात कशीबशी तग धरून असलेली कितीतरी.

यांच्याबद्दल बोलताना सगळे विचारतात, ‘परवडतं का?’ न्यू जर्सीतल्या, बे एरियातल्या मराठी घरांत मुलं अकरावी-बारावीत आली की हा विषय जेवणाच्या टेबलावर येतोच. पुण्यातल्या आजीचा व्हिडिओ कॉलवर प्रश्न ठरलेला असतो: ‘म्हणजे शेवटी बी.ए.च ना रे?’ आजीला हसण्यात अर्थ नाही. पण मला त्याआधीचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. असं कॉलेज चालवायला जे लागतं, त्याचं बिल कोण भरतं? विद्यार्थ्याने ते पूर्ण भरल्याचं उदाहरण जवळजवळ सापडत नाही.

स्वीट ब्रायरचंच घ्या. एलायजा फ्लेचर हा व्हर्मोंटचा माणूस शिक्षकी करायला व्हर्जिनियात आला, वर्तमानपत्राचा मालक झाला, लिंचबर्गचा महापौर झाला आणि मळेवाला जमीनदार झाला. मळ्यात राबत होते गुलाम. त्यांची एक झोपडी कॉलेजच्या आवारात आजही उभी आहे, त्यांचं दफनस्थानही आहे. मळा वारशाने मुलीकडे, इंडियाना फ्लेचर विल्यम्सकडे आला. तिची एकुलती एक लेक डेझी १८८४ मध्ये सोळाव्या वर्षी गेली. १९०० मध्ये इंडियाना वारली, तेव्हा मृत्युपत्रात सगळी मालमत्ता डेझीच्या स्मरणार्थ मुलींच्या शाळेला ठेवलेली निघाली. अट एक होती: गोऱ्या मुलींसाठी. १९०१ मध्ये संस्था स्थापन झाली आणि १९०६ मध्ये वर्ग भरले. म्हणजे या कॉलेजाचा पहिला हप्ता कोणी भरला हे पाहायला गेलं, तर हिशेब डेझीच्या आईपाशी थांबत नाही. तो त्या झोपडीपर्यंत मागे जातो.

किंमत या शब्दाने इथे तीन वेगळे आकडे सांगितले जातात आणि त्यांचा गोंधळ उडतो. पहिला छापील भाव. २०२४-२५ मध्ये काही नामांकित कॉलेजांचा फी, राहणं, जेवण धरून वर्षाचा आकडा ९०,००० डॉलरच्या पुढे गेला. रुपयांत पाऊण कोटीच्या घरात, आणि तोही एका वर्षाचा. दुसरा, घराने प्रत्यक्ष भरायचा. खासगी कॉलेजांत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना सरासरीने छापील फीच्या निम्म्याहून जास्त सवलत मिळते, हे तिथल्या विद्यापीठीय वित्त अधिकाऱ्यांच्या संघटनेचे आकडे दर वर्षी सांगतात. तिसरा, एका विद्यार्थ्याला शिकवायला कॉलेजाला येणारा खरा खर्च. विल्यम्समधले अर्थतज्ज्ञ गॉर्डन विन्स्टन यांनी नव्वदच्या दशकात हा तिसरा आकडा नीट मांडून दाखवला. श्रीमंत कॉलेजांत पूर्ण फी भरणाऱ्याला सुद्धा शिक्षण खर्चापेक्षा कमी भावात मिळतं. वरची भर जुन्या देणग्यांच्या व्याजातून पडते. बापाने एका झटक्यात चेक फाडला तरी मुलगा कुठल्या तरी मेलेल्या माणसाच्या पैशावर शिकतो.

सवलतीचं पत्र कसं असतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. वर अभिनंदन. मग एकूण खर्चाचा आकडा. त्याखाली कॉलेजाची ग्रँट, आणि तिला बहुधा एखाद्या जुन्या अध्यक्षाचं किंवा देणगीदाराचं नाव, म्हणजे आपल्या मुलाचा सत्कार झाल्यासारखं वाटावं. त्याखाली ‘वर्क-स्टडी’, म्हणजे ग्रंथालयात पुस्तकं लावून किंवा भोजनगृहात काम करून मुलाने मिळवायचे पैसे. ते अजून मिळालेले नसतात, तरी वजाबाकीत धरलेले असतात. त्याखाली सरकारी कर्ज: आईवडिलांवर अवलंबून असलेल्या मुलाला पहिल्या वर्षी जास्तीत जास्त ५,५०० डॉलर. काही पत्रांत हे कर्जही ‘मदत’ या मथळ्याखालीच असतं. सगळी वजाबाकी झाली की तळाशी जे उरतं ते आईवडिलांचं. आजवर उरलेलं सगळं ‘पॅरेंट प्लस’ नावाच्या सरकारी कर्जातून उचलता येत होतं. २०२५ च्या कायद्याने त्यावर लगाम घातला आहे. जुलै २०२६ पासून एका मुलामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० डॉलरची मर्यादा. मधल्या फळीतली कॉलेजं या कलमाने हादरली आहेत, कारण पत्राच्या तळाशी उरणारा तो आकडा त्यांच्याकडे या कर्जातूनच यायचा.

पत्र वाचताना ग्रँट आणि कर्ज वेगळ्या रंगांनी खुणावून घ्यावं, एवढा सल्ला फुकट देऊन टाकतो. प्रत्येक कॉलेजाच्या संकेतस्थळावर आपल्या घरापुरता अंदाज काढून देणारा गणनयंत्राचा तक्ता असतो. २०११ पासून तो ठेवणं कायद्याने सक्तीचं आहे. छापील भाव बघून घाबरणारे आणि छापील भाव बघूनच दर्जा ठरवणारे, दोघांनीही तो आधी भरावा. दुसऱ्या प्रकारचे लोक आपल्यात कमी नाहीत.

आता खर्च एवढा का? पोहण्याचे तलाव, चकचकीत जिम, कारभाऱ्यांची फौज, ही उत्तरं दिली जातात आणि त्यांत तथ्य आहे. पण गाभ्याचं कारण साठ वर्षांपूर्वी विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन यांनी नाटक-संगीताच्या अर्थकारणावर लिहिताना सांगून ठेवलंय. चार वादकांची रचना दोनशे वर्षांपूर्वी जेवढ्या वेळात वाजायची, तेवढ्याच वेळात आज वाजते, आणि आजही चारच माणसं लागतात. कारखान्यातला कामगार यंत्रामुळे दसपट माल काढतो, त्याचा पगार वाढतो, आणि वादकाला तग धरायचा तर त्याचाही वाढवावा लागतो. माल मात्र तेवढाच. शिकवण्याचं हेच आहे.

विल्यम्समध्ये ‘ट्युटोरियल’ नावाचा प्रकार आहे. दोन विद्यार्थी, एक प्राध्यापक. एका आठवड्यात एकाने पाच-सात पानी निबंध लिहून आणायचा, दुसऱ्याने त्याची चिरफाड करायची. पुढच्या आठवड्यात उलट. प्राध्यापक बहुतेक वेळ गप्प. लपायला जागाच नाही. मागचा बाक नाही, ‘सर, माझा नंबर आला नव्हता’ नाही. वाचून आला नसाल तर पहिल्या चार मिनिटांत कळतं, आणि ते सगळ्यात आधी समोरच्या मित्राला कळतं. अशा पाच जोड्या सांभाळणारा प्राध्यापक आठवड्याचे पाच तास दहा मुलांवर घालतो. मोठ्या सरकारी विद्यापीठात तेवढ्या वेळात तो तीनशे मुलांच्या सभागृहात व्याख्यानं देईल, आणि निबंध पीएच.डी.चे विद्यार्थी तपासतील. या हिशेबात काटकसर करायला वाव नाही. जोडीत दोनाऐवजी वीस मुलं बसवली की स्वस्त होतं, पण मग ते दुसरंच काही होतं.

या अशा लक्ष देण्यातून काय निघतं, याची ग्रिनेलची गोष्ट मला सगळ्यांत आवडते. आयोवाच्या मक्याच्या शेतांमधलं हे कॉलेज, काँग्रिगेशनल पंथाच्या धर्मोपदेशकांनी काढलेलं. १९४८ मध्ये तिथल्या बॉब नॉइस नावाच्या विद्यार्थ्याने पार्टीत भाजायला म्हणून जवळच्या शेतातून पंचवीस पौंडांचं डुक्कर पळवलं. दुसऱ्या दिवशी स्वतःच कबुली द्यायला गेला. शेत निघालं महापौराचं. आयोवात जनावराची चोरी म्हणजे गंभीर गुन्हा, तुरुंगवासाची तरतूद. कॉलेज त्याला काढूनच टाकणार होतं. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक ग्रँट गेल मध्ये पडले आणि हकालपट्टीऐवजी एका सत्राच्या निलंबनावर भागलं. हेच गेल त्या सुमाराला बेल लॅब्जमध्ये नुकत्याच जन्मलेल्या ट्रान्झिस्टरची बातमी वाचून बेचैन झाले होते. ट्रान्झिस्टरच्या जनकांपैकी जॉन बार्डीन त्यांच्या ओळखीचे. सांगतात, की गेल यांनी ट्रान्झिस्टर मिळवले, आणि ज्या वेळी मोठमोठ्या विद्यापीठांत तो कोणी पाहिलाही नव्हता, तेव्हा आयोवातल्या मूठभर पोरांपुढे तो टेबलावर मांडला. त्या पोरांत नॉइस होता. १९४९ मध्ये तो पदवीधर झाला, पुढे एकात्मिक परिपथाच्या जनकांपैकी एक ठरला, आणि १९६८ मध्ये त्याने गॉर्डन मूरबरोबर इंटेल काढली.

गोष्ट इथे संपली असती तर ती प्रॉस्पेक्टसात छापायच्या लायकीची झाली असती. पण नॉइस तोवर ग्रिनेलच्या विश्वस्त मंडळात होता. दुसरे विश्वस्त जोसेफ रोझेनफिल्ड हे डी मॉइनचे धूर्त व्यापारी. कॉलेजाने आणि विश्वस्तांनी मिळून इंटेलच्या सुरुवातीच्या भांडवलात तीन लाख डॉलर घातले. पुढे ते शेअर विकले तेव्हा एक कोटी चाळीस लाख आले. रोझेनफिल्ड यांनी आपला मित्र वॉरन बफे यालाही १९६८ मध्ये विश्वस्त करून घेतलं. त्याच्या सल्ल्याने १९७६ मध्ये कॉलेजाने चक्क ओहायोतलं एक टीव्ही केंद्र सव्वा कोटीच्या आसपास घेतलं आणि काही वर्षांनी सुमारे पाच कोटींना विकलं. आज ग्रिनेलची ठेव दोन अब्ज डॉलरच्या पुढे आहे आणि विद्यार्थी दोन हजारही नाहीत. २०२१ पासून त्यांनी मदतीच्या पत्रातून कर्ज हा रकानाच काढून टाकला. म्हणजे आजच्या ग्रिनेलच्या मुलाचं बिल एक डुक्करचोर, त्याला वाचवणारा एक मास्तर आणि शेअरबाजार मिळून भरतात.

केंटकीतल्या बेरिया कॉलेजात तर १८९२ पासून शिक्षणशुल्कच नाही. ठेव अब्जाच्या वर आहे, आणि प्रत्येक विद्यार्थ्याने आठवड्याला किमान दहा तास कॉलेजासाठी काम करायचं: झाडू बनवणं, विणकाम, शेती, कार्यालय. प्रवेश मुख्यतः ॲपलाचियाच्या डोंगराळ भागातल्या गरीब घरांतल्या मुलांना. पण ग्रिनेल आणि बेरिया दोन्ही अपवाद. श्रीमंत कॉलेज गरीब मुलाला स्वस्त पडतं आणि गरीब कॉलेज महाग, हे या बाजारातलं सगळ्यांत उफराटं सत्य आहे. सरकारही या श्रीमंतांवर मेहेरबान झालंय. २०२५ च्याच कायद्याने बड्या विद्यापीठांच्या ठेवींवरचा कर वाढवला, पण तीन हजारांपेक्षा कमी फी भरणारे विद्यार्थी असलेल्या संस्था त्यातून वगळल्या. लहान असण्याचा इतका रोख फायदा या कॉलेजांना क्वचितच झाला असेल.

मोबदल्याचं काय? जॉर्जटाउन विद्यापीठाच्या शिक्षण आणि रोजगार केंद्राने २०२० मध्ये दोनशेहून जास्त लिबरल आर्ट्स कॉलेजांचा हिशेब मांडला. प्रवेशानंतर दहा वर्षांनी हातात पडणारा निव्वळ फायदा, मध्यम मूल्य धरलं तर, ६२,००० डॉलर. सर्व प्रकारच्या कॉलेजांचा १,०७,०००. म्हणजे आजी बरोबर. पण चाळीस वर्षांचा हिशेब केला की लिबरल आर्ट्सवाले ९,१८,००० वर, आणि सगळ्यांचं मध्यम मूल्य ७,२३,०००. म्हणजे नात बरोबर. गोम अशी की कर्जाचे हप्ते पहिल्या दहा वर्षांत भरायचे असतात आणि पीक येतं नंतर. ज्याच्या घरी दहा वर्षं कळ काढायची ऐपत आहे, त्याला हे शिक्षण परवडतं.

आणि त्या आकड्यालाही फार भुलू नये. यादीत वर हार्वी मडसारखी, अभियंते घडवणारी कॉलेजं आहेत. सगळी तशी नाहीत. शिवाय जी मुलं अशा कॉलेजांत जातात ती मुळातच बरी शिकलेल्या, बऱ्या खात्यापित्या घरांतली. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एक साधी युक्ती केली. मोठ्या नावाच्या कॉलेजांत अर्ज करणारी, पण शेवटी कमी नावाच्या कॉलेजांत शिकलेली मुलं शोधली. कमाईत फारसा फरक निघाला नाही. फरक निघाला तो गरीब घरांतल्या मुलांच्या बाबतीत; त्यांना चांगल्या कॉलेजाचा खरोखर फायदा झाला. ज्याला गरज कमी त्याला नावाचा उपयोग कमी, आणि गरज ज्याला जास्त त्याच्या हाती पत्रातला तळाचा आकडा मोठा.

गॅलप आणि पर्ड्यू विद्यापीठाने २०१४ मध्ये हजारो पदवीधरांना दुसऱ्याच अंगाने विचारलं. कामात मन लागतं का, आयुष्य बरं चाललंय का. कॉलेज सरकारी की खासगी, नामांकित की साधं, याने काही विशेष फरक पडत नव्हता. फरक पडत होता तो शिकायची गोडी लावणारा एक तरी प्राध्यापक भेटला का, त्यांना आपली काळजी होती का, कोणी पाठीशी उभं राहिलं का, याने. तिन्ही गोष्टी लाभलेले पदवीधर होते फक्त १४ टक्के. हे छोट्या कॉलेजाच्या बाजूने वाचता येतं आणि विरुद्धही. ग्रँट गेल मोठ्या विद्यापीठातही असतात. तिथे ते सापडायला मुलाला जरा आगाऊ असावं लागतं. लाजऱ्या, मागच्या बाकावरच्या मुलासाठी छोटं कॉलेज जास्त मोलाचं, असं माझं मत आहे, आणि त्याला आकड्याचा आधार नाही.

काही मोल तर कुठल्याच हिशेबात बसत नाही. विल्यम्स १७९३ मध्ये सुरू झालं, मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिमेच्या डोंगरात. तिथून १८०८ मध्ये गॉर्डन हॉल नावाचा तरुण पदवीधर झाला आणि १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबई बंदरात उतरला. अमेरिकन मराठी मिशनची ती सुरुवात. हॉल मराठी शिकला, गावोगाव हिंडला आणि १८२६ मध्ये कॉलऱ्याने इथेच वारला. मिशनने मुंबईत छापखाना घातला. पुढे त्या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम यांच्या हाताखाली जावजी दादाजी नावाचा गरीब मुलगा खिळ्यांचं काम शिकला, आणि त्याच्याकडून महाराष्ट्राला निर्णयसागर छापखाना मिळाला. धर्मप्रसाराबद्दल कोणाचं काहीही मत असो. पण डोंगरातल्या त्या कॉलेजाला त्या वेळी कोणी विचारलं असतं की ‘तुमच्या पदवीधराचा मोबदला काय’, तर देवनागरीचे सुबक खिळे हे उत्तर कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

आपल्याकडेही असं छोटं कॉलेज होतं, आणि त्याचं बिल कोण भरायचं हे उघड होतं. १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज सुरू झालं तेव्हा डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांनी दरमहा ७५ रुपयांवर वीस वर्षं शिकवायची शपथ घेतली होती. सरकारी नोकरीत त्यांच्या शिक्षणाच्या माणसाला याच्या कितीतरी पट मिळालं असतं. फी कमी राहिली ती या माणसांनी आपल्या संसारातून भर घातली म्हणून. गोखल्यांनी वीस वर्षं पुरी केली. आगरकर १८९५ मध्ये गेले. टिळक १८९० मध्ये बाहेर पडले, आणि त्या भांडणात तत्त्वांइतकाच सदस्यांनी बाहेर कमाई करावी का हाही मुद्दा होता. त्यागाचं अर्थकारण एका पिढीपुरतं चालतं. दुसऱ्या पिढीला घरभाडं द्यावं लागतं.

आज महाराष्ट्रातल्या कॉलेजांत ७५ रुपयांची शपथ कोणी घेत नाही, पण ती दुसऱ्यांच्या गळ्यात घातली जाते. मंजूर जागा वर्षानुवर्षं रिकाम्या, आणि नेट-सेट झालेली, पीएच.डी. केलेली माणसं ‘तासिका तत्त्वावर’ शिकवतात. सुटीत पगार नाही, पुढच्या वर्षाची खात्री नाही. अमेरिकेत यांना ‘ॲडजंक्ट’ म्हणतात आणि हाल तेच. फी स्वस्त आहे याचं कौतुक करताना ती कोणाच्या खिशातून स्वस्त झाली हे बघत नाही आपण. दुसऱ्या टोकाला सोनीपतचं अशोका, पुण्याचं फ्लेम. उद्योजकांच्या देणग्यांवर उभी, अमेरिकन नमुना समोर ठेवून आखलेली. अशोकाला वसतिगृहासह वर्षाचा आकडा दहा लाखांच्या पुढे. तिथे शिक्षक खरंच लक्ष देतात, शिष्यवृत्त्याही आहेत. पण ग्रिनेलसारखी मेलेल्या माणसांची ठेव नाही, त्यामुळे भार जिवंत उद्योजकांवर आणि जिवंत पालकांवर. आणि जिवंत देणगीदाराला मतं असतात.

इथून थेट अमेरिकेत जाऊ पाहणाऱ्यांसाठी आणखी एक गणित आहे. परदेशी मुलाची ऐपत न बघता प्रवेश देणारी छोटी कॉलेजं अगदी थोडी, ॲमहर्स्ट, बोडन यांसारखी. बाकी ठिकाणी ‘मदत हवी’ या रकान्यावर खूण केली की प्रवेशाची शक्यता खाली येते. पदवीनंतर नोकरीसाठी राहायची मुदत सर्वसाधारण विषयाला एक वर्ष, विज्ञान-तंत्रज्ञानात मोडणाऱ्या विषयाला तीन वर्षं. त्यामुळे अनेक कॉलेजांनी आपल्या अर्थशास्त्राचा सरकारी संकेतांक बदलून ते ‘इकॉनोमेट्रिक्स’मध्ये बसवलं. वर्ग तोच, पुस्तकं तीच, फक्त व्हिसाच्या दृष्टीने विषय शास्त्र झाला. उदारमतवादी शिक्षणाचा एवढा व्यवहारी नमुना दुसरा नसेल.

आणि घसरण पुढेच आहे. अमेरिकेत २००७ मध्ये ४३ लाखांवर मुलं जन्मली. मंदी आली, आणि आकडा जो उतरला तो पुन्हा तिथवर चढला नाही. ती २००७ ची मुलं २०२५ मध्ये अठरा वर्षांची झाली. नेथन ग्रॉव या अर्थतज्ज्ञाने २०१८ मध्येच पुस्तक लिहून ही उतरंड दाखवली होती. ग्रॉव स्वतः कार्लटनमध्ये, म्हणजे अशाच एका छोट्या कॉलेजात शिकवतात. व्हर्मोंटचं मार्लबोरो २०२० मध्ये आपली ठेव घेऊन बोस्टनच्या इमर्सनमध्ये विलीन झालं. वेल्स फार्गोवाल्या हेन्री वेल्सने १८६८ मध्ये न्यूयॉर्क राज्यात कायुगा तळ्याकाठी काढलेल्या वेल्स कॉलेजाने २९ एप्रिल २०२४ ला सांगितलं, की हे सत्र संपलं की आम्ही संपलो. विद्यार्थ्यांना दुसरं कॉलेज शोधायला काही आठवडे. मी पालक असतो तर ग्रंथालय आणि भोजनगृह बघण्याआधी कॉलेजाचा ताळेबंद मागितला असता. तो खासगी कॉलेजांचाही जाहीर असतो.

स्वीट ब्रायर मात्र बंद पडलं नाही. घोषणेनंतर माजी विद्यार्थिनींनी ‘सेव्हिंग स्वीट ब्रायर’ नावाची संस्था काढली, वचनं गोळा केली, वकील दिले. काउंटीच्या सरकारी वकील एलन बोयर यांनी मृत्युपत्राचाच आधार घेऊन दावा लावला: ही मालमत्ता विश्वस्त निधी आहे, मंडळाला ती मोडायचा अधिकार नाही. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. जूनमध्ये महाधिवक्ता मार्क हेरिंग यांच्या मध्यस्थीने तडजोड झाली. माजी विद्यार्थिनींनी एक कोटी वीस लाख डॉलर द्यायचे, सरकारने एक कोटी साठ लाखांच्या ठेवीवरच्या अटी सैल करायच्या, अध्यक्ष आणि बहुतेक मंडळाने घरी जायचं. त्या वर्षी कॉलेज उघडलं तेव्हा मुली अडीचशेच्या आसपास होत्या. २०१८ पासून छापील भाव जवळपास एक-तृतीयांशाने उतरवला, सवलतीचा खेळ कमी केला. अभियांत्रिकी जोपासली, द्राक्षमळे लावले, विभाग मोडून अभ्यासक्रम नव्याने बांधला. या वेळी बिल भरलं ते आधीच एकदा फी भरून बाहेर पडलेल्या बायकांनी. डोक्यात हिशेब असलेल्या माणसाला हे वेडेपण वाटेल. पण इतक्या बायका आपल्या कॉलेजासाठी दुसऱ्यांदा खिशात हात घालतात, तेव्हा त्यांना तिथे काहीतरी मिळालं होतं एवढं तरी मानावं लागतं.

तरी मृत्युपत्र हटलेलं नाही. त्यातला ‘गोऱ्या’ हा शब्द काढायला कॉलेजाला कोर्टाची पायरी चढावी लागली होती. १९६६ मध्ये पहिली कृष्णवर्णीय विद्यार्थिनी आली आणि १९६७ मध्ये केंद्रीय न्यायालयाने ती अट निष्प्रभ ठरवली. २०१५ मध्ये त्याच मृत्युपत्राने कॉलेज वाचवलं. आणि २०२४ मध्ये मंडळाने पुन्हा त्याच कागदावर बोट ठेवलं: त्यात ‘मुली आणि तरुणी’ म्हटलंय, त्याचा अर्थ १९०० मध्ये लोक समजत असत तोच धरायचा, म्हणून ट्रान्सजेंडर विद्यार्थ्यांना प्रवेश नाही. अनेक प्राध्यापकांनी आणि विद्यार्थिनींनी विरोध केला. कॉलेजाला वाचवण्यासाठी पैसे दिलेल्या माजी विद्यार्थिनींमध्येही यावरून फूट पडली. धोरण कायम राहिलं.